विहिरींत उतरणारें खत

पाणी चांगलें आहे कीं नाहीं हें ठरविण्याची आपली जुनी रीत अशी कीं, तें पेल्यांत घेऊन उजेडाकडे धरावयाचें, नाकाशीं न्यावयाचें व एक घोट घेऊन पाहावयाचें. गढूळ नाहीं, वास नाहीं, चव गोड आहे, एवढें झालें म्हणजे विहीर चांगली. आपल्या वाडवडिलांनीं याच कसोटीवर विहिरी पारखल्या, आणि बहुतेक वेळां ती कसोटी खरीहि ठरली. परंतु गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या विहिरींत असा एक पाहुणा येऊं लागला आहे कीं, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि जिभेलाहि तो ओळखूं येत नाहीं. त्याचें नांव नायट्रेट. तो आपल्याच शेतांतून व आपल्याच उकिरड्यांतून येतो. बोलावणेंहि त्याला आपणच धाडलेलें असतें.

मागच्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मीं सहज विचारलें, "तुमच्या घरीं धानाला युरिया किती घालतात?" सारीं धानाच्या मुलखांतलीं मुलें, उत्तरें भराभर आलीं. "दोन पोतीं." "आमच्या घरीं चार." मीं विचारलें, "किती एकरांस?" वर्ग थोडा थबकला. "बरें, आणि केव्हां घालतात?" मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सोसायटींत आला कीं, सर." सारा वर्ग हसला, मीहि हसलों. पण घरीं जातांना तें उत्तर मनांतून जाईना. पिकाला भूक केव्हां लागते यावरून खत पडत नाहीं, दुकानांत पोतें केव्हां उतरतें यावरून पडतें. आणि भूक नसतांना वाढलेलें अन्न जसें पानांत राहतें, तसें हें खत मातींत राहतें. पुढें तें कोठें जातें, हें पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

धानाचें पान हिरवें होतें, फुटवे फुटतात, लोंबी भरते, तें बरेचसें नत्राच्या बळावर. हवेचा सुमारे चार पंचमांश भाग नत्रच आहे. पण कुलूप घातलेल्या कणगीजवळ उपाशी बसावें, तशी धानाच्या रोपाची त्या वायूपुढें गत असते. १९०९ सालीं फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञानें तें कुलूप उघडलें. हवेंतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची युक्ति त्यास साधली व कार्ल बॉश यानें १९१३ पर्यंत तिचा कारखाना उभा केला. आपल्या देशांत सिंद्री येथील सरकारी खत कारखाना १९५१ मध्यें सुरू झाला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ज्या पिढीनें पाहिला होता, त्या पिढीनें खताचें पहिलें पोतें कपाळीं लावून घेतलें असल्यास नवल नाहीं. मी युरियाचा वैरी नाहीं. आपल्या ताटांतील भाताचा मोठा वांटा या पांढऱ्या दाण्याचा आहे, हें जो नाकारील त्याला भूक म्हणजे काय तें ठाऊक नाहीं.

आतां दाण्याची पुढची वाट पाहूं. युरिया ओल्या मातींत पडला कीं, थोड्याच दिवसांत मातींतील जंतूंच्या क्रियेनें त्याचा अमोनियम बनतो. हा अमोनियम मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो. कारण कणांवर ऋण विद्युत् असते आणि अमोनियमवर धन. जेथें मातींत हवा खेळते तेथें दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात. पिकाला तेंहि चालतें. परंतु नायट्रेटवर विद्युत् ऋण असल्यामुळें माती त्यास धरून ठेवीत नाहीं. पाऊस पडला, पाणी खालीं झिरपलें, कीं नायट्रेट त्या पाण्याबरोबर मुळांच्या खालीं जातें. आणि एकदां मुळांच्या खालीं गेलें म्हणजे तें शेतकऱ्याचें राहिलें नाहीं, विहिरीचें झालें. धानास घातलेल्या नत्रापैकीं साधारणतः शेंकडा ३० ते ४० भागच पिकाच्या उपयोगी पडतो. बाकीचा कांहीं हवेंत उडतो, कांहीं मातींत राहतो व कांहीं पाण्याबरोबर निघून जातो.

येथें आपल्या धानाच्या बांधीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे, कारण तिची गोष्ट गव्हाच्या किंवा कापसाच्या शेताहून निराळी आहे. चिखलणी केलेल्या बांधीच्या तळाशीं एक घट्ट थर बसतो, त्यामुळें पाणी साचून राहतें आणि चिखलांत हवा शिरत नाहीं. वरच्या नखभर थरांत जें थोडें नायट्रेट तयार होतें, तें खालच्या बिनहवेच्या चिखलांत उतरलें कीं, तेथील जंतु त्याचा पुन्हां नत्रवायु करून हवेंत सोडून देतात. शेतकऱ्याचें खत उडालें हें खरें, पण विहीर वांचली. म्हणून पाणी साचलेली बांधी ही एका अर्थानें आपल्या भूजलाची राखणदार आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण राखणदारालाहि डुलकी लागते. पावसाचा ताण पडून बांधीस भेगा गेल्या, आंत हवा शिरली, नायट्रेट जमलें, आणि मग एकाएकीं मुसळधार आली, म्हणजे तें भेगांच्या वाटेनें खालीं जातें. उन्हाळाभर तापलेल्या जमिनीवर मृगाची पहिली सर पडतांच मातींतील जंतु खडबडून जागे होतात, व शेतांत पिकाचें एकहि मूळ नसतांना नायट्रेटची मोठी भर तयार होते. तिला अडविणारें तेव्हां कोणीच नसतें. नदीकांठच्या हलक्या जमिनींत भाजीपाल्याचे मळे असतात. त्यांत खत सढळ व पाणी रोजचें, आणि तळाशीं चिखलणीचा थर नाहीं. शिवाय आपल्याकडे एका बांधीचें पाणी धुरा फोडून दुसरींत, दुसरींतून तिसरींत, असें शेवटीं नाल्यास जाऊन मिळतें. युरिया फेंकला त्याच संध्याकाळीं जोराचा पाऊस आला, तर सकाळीं तो पांगोलींत, चुलबंदींत किंवा वाघ नदींत असतो आणि तेथून वैनगंगेंत. वैनगंगेंतला सारा नत्र शेतांतूनच येतो असें मात्र कोणी समजूं नये. नागपूरचें सांडपाणी नाग नदीनें कन्हानेंत व कन्हानेंतून वैनगंगेंत येऊन गोसीखुर्दच्या जलाशयांत सांचतें. पण तो भाग आपल्या जिल्ह्याच्या खालच्या अंगास आहे, आणि शहराच्या पापाची झडती हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

विद्यार्थ्यांसाठीं एक गणित देतों. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट असूं नये. ४५ मिलिग्रॅम म्हणजे धानाच्या सुमारे दोन दाण्यांचें वजन. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत शेंकडा ४६, म्हणजे २०.७ किलो नत्र असतो. हा सर्व नत्र नायट्रेट झाला, तर त्याचें वजन सुमारे ९२ किलो भरतें. हें ९२ किलो जर सगळें पाण्यांत उतरलें, तर वीस लाख लिटर शुद्ध पाण्याला तें मर्यादेच्या कांठावर आणून ठेवील. तीन मीटर व्यासाच्या व तीन मीटर पाणी असलेल्या विहिरींत सुमारे २१ हजार लिटर पाणी मावतें. म्हणजे एका पोत्यानें अशा नव्वदांहून अधिक विहिरी! सारें पोतें कधींच विहिरींत जात नाहीं, हें वर सांगितलेंच आहे; पण त्याचा दहावा हिस्सा गेला तरी नऊ विहिरी होतात. आणि आपल्या जिल्ह्यांत पोतें एक नसतें.

या दोन दाण्यांनीं होतें तरी काय? मोठ्या माणसाला सहसा लगेच कांहीं जाणवत नाहीं. भय आहे तें सहा महिन्यांच्या आंतील बालकास. १९४५ सालीं अमेरिकेच्या आयोवा प्रांतांत हंटर कॉम्ली नांवाच्या डॉक्टरानें शेतांवरील घरांतून आलेलीं तान्हीं मुलें तपासलीं. त्यांचे ओंठ व अंग निळसर पडलें होतें, हृदयांत मात्र दोष सांपडेना. शेवटीं दोष सांपडला विहिरीच्या पाण्यांत, ज्यांत त्यांचें वरचें दूध कालविलें जात असे. तान्ह्या बालकाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें, तें रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें, आणि बालक हवेंत असूनहि गुदमरतें. आईच्या अंगावर पिणाऱ्या मुलास हें भय जवळ जवळ नसतें. म्हणून पहिले सहा महिने आईचें दूध, हा जो उपदेश परिचारिका करितात, त्याला आपल्या विहिरींनीं आणखी एक कारण पुरविलें आहे.

मातांस येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या ठिकाणीं आपलें चांगलें वळणच आपणांस फसवितें. पाणी उकळून प्यावें हें आपण पटकी व विषमज्वर यांच्या भयानें शिकलों, आणि त्या रोगांपुरतें तें अगदीं खरें आहे. पण उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. पाणी वाफ होऊन उडतें आणि नायट्रेट मागें राहतें, म्हणजे उकळून आटविलेल्या पाण्यांत तें पूर्वींपेक्षां दाटच होतें. तुरटीनें तें खालीं बसत नाहीं. ब्लीचिंग पावडर त्याला मारीत नाहीं, कारण तें जिवंतच नाहीं. आरओचें यंत्र तें बरेंच कमी करितें. पण तें यंत्र किती घरांत आहे?

केंद्रीय भूजल मंडळाचा जो अहवाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें देशांतील भूजलाच्या दर पांच नमुन्यांपैकीं जवळ जवळ एकांत नायट्रेट मर्यादेहून अधिक होतें. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ३५ हून अधिक निघालें. ज्या १५ जिल्ह्यांत हा दोष विशेष आहे असे जिल्हे त्यांत निवडून काढले होते, त्यांपैकीं सात एकट्या महाराष्ट्राचे: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड व जळगांव. पहिले चार आपले विदर्भांतले शेजारी. तेथील काळी, भेगाळणारी, हवा खेळती राहणारी जमीन धानाच्या बांधीसारखी राखण करूं शकत नाहीं. गोंदियाचें नांव त्या यादींत नाहीं. याचा आनंद मानावा. पण उन्हाळी धानासाठीं, भाजीसाठीं व मक्यासाठीं ज्या वेगानें खत व बोअरचें पाणी वाढत आहे तो पाहतां, तो आनंद गाफीलपणाचा होऊं नये, असें मला वाटतें.

गाफीलपणाचें मोल काय, तें पाहण्यास पुन्हां आयोवासच जावें लागेल. जेथें १९४५ त निळीं बालकें सांपडलीं, त्याच प्रांताच्या राजधानींत, डेमॉईन येथें, नदीच्या पाण्यांतील नायट्रेट काढण्यासाठीं १९९० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मोठें यंत्रगृह बांधावें लागलें. २०१५ मध्यें तेथील पाणीपुरवठा मंडळानें वरच्या अंगाच्या शेतभागांतील निचऱ्याच्या संस्थांवर खटला भरला. २०१७ मध्यें तो न्यायालयानें काढून टाकला. २०२५ च्या जून महिन्यांत नायट्रेट इतकें चढलें कीं, पाणी पुरें पडावें म्हणून लोकांना अंगणांतल्या हिरवळीस पाणी घालण्याची बंदी करावी लागली. मध्यंतरीं ऐंशीं वर्षें गेलीं. विद्या तेथें आहे, पैसा तेथें आहे, तरी पाण्यांत उतरलेलें खत पुन्हां वर काढणें त्यांस सोपें गेलेलें नाहीं. आपण तर अद्याप बांधावर उभे आहों.

आतां दोन आक्षेप ऐकूं येतात, त्यांचा विचार करूं. एक मंडळी म्हणतात, "रासायनिक खत टाकून द्या, शेणखतावर या, म्हणजे सर्व दोष गेला." मला शेणखताविषयीं आदर आहे, त्यावांचून जमीन जिवंत राहत नाहीं. पण विहिरीला जात-गोत कळत नाहीं. शेणांतील नत्राचेंहि मातींत शेवटीं नायट्रेटच होतें. आपल्या कित्येक गांवांत उकिरडा विहिरीच्या अगदीं अंगास असतो. पावसाळ्याचे चार महिने तो भिजतो आणि त्याचा काळा निचरा जमिनींत मुरतो. गोठ्याची मोरी तेथेंच, आणि हल्लीं शौचकूपाचा खड्डाहि तेथेंच. अशा विहिरीच्या मालकानें एक चिमूट युरिया न घालतां विहीर बिघडविलेली असते. गांवांतील विहीर व शेतांतील विहीर यांची तपासणी म्हणूनच निरनिराळी केली पाहिजे.

दुसरी मंडळी म्हणतात, "गरीब शेतकऱ्यास कशाला दोष देतां?" हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ४५ किलोचें युरियाचें पोतें पावणेतीनशें रुपयांच्या आंत मिळतें, आणि त्याच दुकानांत डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यास १,३५० रुपये पडतात. २०१० सालीं इतर खतांच्या किंमती बऱ्याच अंशीं मोकळ्या सोडल्या आणि युरियाची तेवढी बांधून ठेवली, त्याचा हा परिणाम आहे. ज्याच्या पदरीं दीड-दोन एकर आहेत, तो स्वस्त तेंच घेणार. आणि स्वस्त वस्तु कोणी मोजून वापरीत नाहीं. सरकारनें एका खताचा भाव पाण्यासारखा ठेवला आणि मग पाण्यांत तें खत कां आलें म्हणून चौकशी आरंभिली, यांत शेतकऱ्याचा दोष थोडा आहे. हें मी मान्य करितों. परंतु भाव दिल्लींत ठरतो आणि मूठ बांधींत सुटते. भावावर आपली सत्ता नाहीं, मुठीवर आहे.

आणि मूठ आंवरण्यांत शेतकऱ्याचाच स्वार्थ आहे. शेजाऱ्याच्या बांधीहून आपली बांधी काळीभोर हिरवी दिसावी, ही हौस आपल्याकडे फार. पण तो काळपट हिरवा रंग तुडतुड्यांना निमंत्रण असतें, करप्याला असतें, आणि लोंबी भरण्याच्या वेळीं वारा सुटला कीं असें धान आडवें होतें. मग फवारणीच्या बाटल्या येतात. युरियांत वांचविले नाहींत ते रुपये औषधाच्या दुकानांत जातात.

कृषि विद्यापीठांचा उपदेश जुनाच आहे: नत्र एकदम देऊं नये, रोवणीच्या वेळीं, फुटवे फुटतांना व लोंबी पोटरींत येण्याच्या सुमारास असा तीन हप्त्यांनीं द्यावा. पानांच्या रंगाची एक साधी पट्टी मिळते. बांधींतील दहा रोपांचें वरचें पुरतें उघडलेलें पान त्या पट्टीशीं लावून पाहावें, आणि सहा किंवा अधिक पानें ठरलेल्या रंगाहून फिकीं दिसलीं तरच खत घालावें. हें काम सातवीच्या मुलासहि येईल. २०१५ पासून युरियास निंबोळी तेलाचें पुट येतें, त्यानें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या पुटाच्या भरंवशावर दुप्पट युरिया घालणारेहि मीं पाहिले आहेत.

याहून मला आवडते ती डॉ. नारायण सावंत यांनीं कोंकणांत रुजविलेली चारसूत्री पद्धति. तींत रोवणी १५ व २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीच्या अंतरानें करितात, आणि चार चार चुडांच्या मधोमध युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅमची एक गोळी हातानें चिखलांत खोल दाबतात. एका हेक्टरांत ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १६९ किलो खत. वर्गांतील मुलांनीं गुणाकार करून पाहावा. खत हवाबंद चिखलांत बसतें, तेथें अमोनियमच राहतें, उडत नाहीं, वाहत नाहीं, आणि मुळें त्याच्याकडे चालत जातात. कष्ट आहेत, कंबर दुखते, रोवणीच्या घाईंत मजूर मिळत नाहींत, हें सर्व खरें. सर्व शेतांत जमेल असें मी म्हणत नाहीं. विहिरीच्या वरच्या अंगास ज्या दोन बांध्या असतील, त्यांत तरी करून पाहावें. धान निघतांना ओलीवर लाखोळी किंवा हरभरा घेण्याची आपली जुनी रीतहि या कामीं शहाणपणाची होती. शेंगवर्गी पीक आपला नत्र बव्हंशीं हवेंतूनच मिळवितें, त्याला पोतें लागत नाहीं. (लाखोळीचे दोष काय आहेत तें मला ठाऊक आहे, तिचा पदार्थ कसा व किती खावा हा प्रश्न वेगळा.)

तलावांविषयीं न लिहितां हा विषय सोडवत नाहीं. कोहळी मंडळींनीं बांधलेले नवेगांव बांधसारखे तलाव व गांवोगांवच्या बोड्या हें आपल्या जिल्ह्याचें वैभव. शेतांतून वाहून आलेला कस गाळाच्या रूपानें तलावांत बसे, आणि उन्हाळ्यांत तोच गाळ बैलगाड्यांनीं परत बांधींत जाई. खताचा रुपया घरांतल्या घरांतच फिरे. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, ती जावयासच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावांची निगाहि गेली. गाळ तसाच राहिला, वरून युरिया व डीएपी यांचा निचरा येऊं लागला, आणि कित्येक तलावांचें पाणी हिरवें होऊन बेशरम व जलपर्णी माजली. याची झळ प्रथम बसते ती ढिवर बंधूंच्या जाळ्यास. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सरकारनें २०१७ त काढली, ती याच जुन्या फेऱ्याची नवी आवृत्ति आहे. तिचा लाभ घेणाऱ्यानें युरियाचें एक पोतें तरी कमी करावें, नाहीं तर गाळ काढून काय साधलें?

प्रत्यक्ष परीक्षा कठीण नाहीं. जलजीवन मिशन २०१९ पासून चालू झालें, तेव्हांपासून गांवोगांवच्या पांच पांच स्त्रियांस पाणी तपासण्याच्या पेटीचें शिक्षण देण्याची व्यवस्था आहे. त्या पेटींत नायट्रेटचीहि परीक्षा असते. आपल्या गांवची पेटी कोणाच्या घरीं आहे, ती कधीं उघडली होती, हें मुलांनीं विचारून यावें. विहिरीचें पाणी वर्षांतून दोनदां पाहिलें पाहिजे, एकदां उन्हाळ्याच्या शेवटीं व एकदां पावसाळ्यानंतर. ज्या घरीं पाळणा हालावयाचा आहे, त्या घरच्या विहिरीचा क्रम पहिला लावावा. परीक्षेंत मर्यादेबाहेर निघालेली विहीर बुजविण्याचें कारण नाहीं. ती धुण्यास, गुरांस व बागेस चालेल. बागेस तर तिचें पाणी खतासकट मिळतें, तेवढा युरिया कमी घालावा.

आमच्या स्वतःच्या घरीं उकिरडा विहिरीपासून अवघ्या बारा पावलांवर होता. माझ्या आजोबांच्या वेळेपासून तो तेथेंच, म्हणून कोणास त्याचें कांहीं वाटत नसे. मीहि इतकीं वर्षें मुलांना विज्ञान शिकविलें आणि रोज सकाळीं त्याच्यावरून चालत गेलों. गेल्या वैशाखांत तो उपसून बांधावरच्या आंब्यापलीकडे, उताराच्या खालीं नेला, तळाला चिकणमाती ठोकून वर पऱ्हाटी-तणसाचें छप्पर केलें. शेणाची पाटी घेऊन आतां आईला दीडशें पावलें चालावें लागतें. ती मला अजून बोलते. यंदाच्या आश्विनांत विहिरीचें पाणी तपासून घ्यावयाचें ठरविलें आहे. आंकडा काय येतो तो तिलाच प्रथम वाचून दाखवीन.